अरबी-उर्दू अक्षरं मोबाईलमध्ये साठवली जातात तरी कशी? दिसतात सारखी, तरी सर्चमध्ये का सापडत नाहीत?

समजा, एखाद्या दवाखान्याच्या संगणकात उर्दूत ‘करीम’ हे नाव नोंदवलेलं आहे. काही महिन्यांनी तोच रुग्ण परत येतो. काउंटरवरचा माणूस उर्दूतच ‘करीम’ टाइप करतो आणि उत्तर मिळतं, ‘नोंद सापडली नाही’. स्क्रीनवर दोन्ही नावं शेजारी ठेवून पाहिली तर त्यांत तसूभरही फरक दिसत नाही. स्पेलिंग बरोबर, अक्षरं बरोबर, नुक्ते बरोबर. तरीही संगणकाच्या लेखी ही दोन वेगळी नावं असतात.

यात टाइप करणाऱ्याची चूक नाही आणि संगणकही बिघडलेला नाही. कारण आहे ते अरबी लिपी डिजिटल स्वरूपात साठवण्याच्या पद्धतीत. पोस्टरवर उलटी छापलेली अरबी अक्षरं, उर्दू शब्दानंतर भलतीकडे उडी मारणारा पूर्णविराम आणि एका मेसेजने बंद पडलेले फोन यांचं मूळही तिथेच आहे. हा सगळा प्रकार काय आहे, ते सोप्या भाषेत समजून घेऊया.

अरबी लिपी म्हणजे फक्त अरबी भाषा नव्हे

देवनागरी जशी मराठी, हिंदी, नेपाळी, कोकणी, संस्कृत अशा अनेक भाषांची लिपी आहे, तशीच अरबी लिपीही अनेक भाषांची आहे. अरबी, फारसी, उर्दू, पश्तो, काश्मिरी, सिंधी, उइगुर या सगळ्या भाषा याच लिपीच्या वेगवेगळ्या रूपांत लिहिल्या जातात.

मूळ अरबीत २८ अक्षरं आहेत. त्यात ‘प’, ‘च’, ‘ग’ हे ध्वनी नाहीत. फारसीने त्यासाठी आणि ‘झ’च्या एका ध्वनीसाठी चार अक्षरं वाढवली आणि संख्या ३२ झाली. उर्दूला ‘ट’, ‘ड’, ‘ड़’ हवे होते, म्हणून आणखी अक्षरं आली. सिंधीची अक्षरसंख्या तर ५२ आहे.

महाराष्ट्रालाही ही लिपी परकी नाही. मालेगाव, भिवंडी, मुंबई इथे उर्दू शाळा आहेत. ‘इन्किलाब’ हे उर्दू दैनिक १९३८ साली मुंबईतच सुरू झालं. उल्हासनगरच्या अनेक सिंधी कुटुंबांतल्या जुन्या पिढीने सिंधी याच लिपीत शिकलेली आहे.

एक अक्षर, चार रूपं

अरबी लिपी उजवीकडून डावीकडे लिहितात, हे बहुतेकांना माहीत असतं. मात्र संगणकासाठी त्याहून मोठी अडचण वेगळीच आहे. या लिपीत सुटी छपाई अक्षरं नाहीत. अक्षरं एकमेकांना जोडूनच लिहायची असतात आणि शब्दात कुठे येतं त्यानुसार अक्षराचा आकार बदलतो. एकटं असताना एक रूप, शब्दाच्या सुरुवातीला दुसरं, मध्ये तिसरं, शेवटी चौथं.

त्यात पुन्हा अरबीतली सहा अक्षरं अशी आहेत की ती मागच्या अक्षराला जोडली जातात, पण पुढच्याला हात देत नाहीत. अलिफ आणि वाव त्यांतलीच.

‘किताब’ हा शब्द घ्या. तो चार अक्षरांचा आहे: काफ, ता, अलिफ, बा. काफ सुरुवातीच्या रूपात येतो, ता मधल्या, अलिफ शेवटच्या. अलिफ पुढे जोडत नाही, म्हणून बा एकटा राहतो. चार अक्षरं आणि चारही वेगवेगळ्या रूपांत!

आता प्रश्न असा की संगणकाने साठवायचं काय? अक्षर साठवायचं की त्याचं रूप?

युनिकोडच्या आधीचा गोंधळ

संगणकाला अक्षर कळत नाही, त्याला फक्त आकडे कळतात. म्हणून प्रत्येक अक्षराला एक क्रमांक द्यावा लागतो. हा क्रमांक देण्याच्या पद्धतीला एन्कोडिंग म्हणतात.

१९८० च्या दशकात अरब देशांच्या मानकीकरण संस्थेने अरबीसाठी अशा याद्या तयार केल्या. त्यांतूनच १९८७ मध्ये ‘आयएसओ ८८५९-६’ हे आंतरराष्ट्रीय मानक आलं. त्यात एकूण २५६ जागा होत्या आणि निम्म्या जागा इंग्रजीने आधीच व्यापलेल्या होत्या. उरलेल्या जागांत अरबी भाषेची अक्षरं बसली. फारसीचा ‘प’ किंवा ‘च’, उर्दूचा ‘ट’ किंवा ‘ड’ त्यात नव्हतेच.

मग ज्याने त्याने आपापला मार्ग काढला. विंडोजने ‘१२५६’ नावाची स्वतःची यादी केली. इराणने आपली केली, पाकिस्तानने आपली केली. भारतात देवनागरीसारख्या लिपींसाठी ‘इस्की’ हे मानक होतं, पण उर्दू, काश्मिरी आणि सिंधी त्यात बसत नव्हत्या. त्यांच्यासाठी पुण्याच्या ‘सी-डॅक’ने ‘पास्की’ नावाची वेगळी पद्धत तयार केली.

परिणाम काय झाला? एकाच क्रमांकाचा अर्थ एका संगणकावर एक, तर दुसऱ्यावर भलताच. जुन्या मराठी फॉन्टमध्ये टाइप केलेली फाइल दुसऱ्या संगणकावर उघडल्यावर जी अगम्य चिन्हं दिसायची, ती आठवा. अरबी, फारसी आणि उर्दू लिहिणारेही तेच भोगत होते.

युनिकोडने काय ठरवलं?

जगातल्या सगळ्या लिपींना एकाच यादीत आणण्यासाठी १९९१ मध्ये युनिकोडची पहिली आवृत्ती आली. त्यात अरबी लिपीला ०६०० ते ०६एफएफ असा २५६ जागांचा पट्टा मिळाला. (युनिकोडचे क्रमांक सोळाच्या पटीत मोजतात, म्हणून ९ नंतर ए, बी, सी, डी, ई, एफ येतात.) पुढे आफ्रिका आणि आशियातल्या इतर भाषांसाठी आणखी पट्टे जोडले गेले.

युनिकोडने तीन महत्त्वाच्या गोष्टी ठरवल्या.

पहिली: साठवायचं ते अक्षर, त्याचं रूप नाही. बा शब्दाच्या सुरुवातीला असो की शेवटी, त्याचा क्रमांक एकच, ०६२८. कोणतं रूप दाखवायचं हे दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरने पाहायचं.

दुसरी: अक्षरं उच्चाराच्या क्रमाने साठवायची, दिसण्याच्या क्रमाने नाही. ‘किताब’ साठवताना आधी काफ, मग ता, अलिफ आणि शेवटी बा. स्क्रीनवर ती उजवीकडून मांडणं हे नंतरचं काम. मराठीतही असंच होतं. ‘कि’ लिहिताना वेलांटी ‘क’च्या आधी दिसते, पण मोबाईलमध्ये ती ‘क’च्या नंतर साठवलेली असते, कारण आपण उच्चारही त्याच क्रमाने करतो.

तिसरी: लिपीची शैली साठवायची नाही. तोच उर्दू मजकूर सरळ ओळीतल्या नस्ख शैलीत दिसेल की उतरत्या वळणाच्या नस्तालिक शैलीत, हे फॉन्ट ठरवतो.

मात्र एक अपवाद करावा लागला. जुन्या संगणकांमध्ये रूपांनाच क्रमांक दिलेले होते. तो मजकूर वाया जाऊ नये म्हणून सुट्या रूपांचे आणि काही जोडाक्षरांचे दोन वेगळे पट्टे ठेवले गेले. नवा मजकूर लिहिताना ती रूपं वापरू नयेत, अशी शिफारस आहे. त्यातलाच एक भाग म्हणजे पूर्ण वाक्यांची एकेक चिन्हं. पैगंबरांच्या नावानंतर लिहिलं जाणारं दुरूदचं वाक्य (क्रमांक एफडीएफए) एका चिन्हात साठवलेलं आहे. ते सुटं केलं तर त्याची १८ चिन्हं होतात. पुढे २००३ मध्ये पूर्ण ‘बिस्मिल्लाह’साठीही एक चिन्ह आलं. सोशल मीडियावर कधी एकच ‘अक्षर’ अख्खी ओळ व्यापताना दिसलं असेल, तर ते बहुधा हेच.

आकड्यांपासून बाइटपर्यंत

क्रमांक ठरला, पण तो फाइलमध्ये लिहायचा कसा? आज इंटरनेटवर त्यासाठी जवळपास सगळीकडे ‘यूटीएफ-८’ ही पद्धत वापरतात. तिच्यात इंग्रजीचं एक अक्षर एका बाइटमध्ये मावतं. मुख्य पट्ट्यातल्या अरबी अक्षराला दोन बाइट लागतात, तर देवनागरीच्या अक्षराला तीन. म्हणजे अरबीतला ‘किताब’ आठ बाइटचा झाला.

एसएमएसमध्ये हिशोब वेगळा असतो. एका एसएमएसची मर्यादा १४० बाइट असते. त्यात इंग्रजीची १६० अक्षरं बसतात. मजकुरात एक जरी अरबी किंवा देवनागरी अक्षर आलं, तर प्रत्येक अक्षराला दोन बाइट लागतात आणि मर्यादा ७० वर येते. उर्दू आणि मराठी मेसेज पटकन ‘दोन एसएमएस’ होतात, ते यामुळेच.

यूटीएफ-८ मध्ये साठवलेला मजकूर एखाद्या प्रोग्रॅमने जुन्या युरोपीय पद्धतीने वाचला की विचित्र चिन्हं दिसतात. अरबी मजकूर असेल, तर मध्ये तिरकी रेघ मारलेला रोमन ‘ओ’ आणि डोक्यावर तिरका फटकारा असलेला ‘यू’ पुन्हापुन्हा दिसतो. मराठी मजकूर असेल, तर डोक्यावर फटकारा असलेला ‘ए’ दर तीन चिन्हांनी येतो. असा कचरा दिसला तरी घाबरू नका. बहुतेक वेळा मूळ मजकूर शाबूत असतो आणि फक्त वाचणाऱ्याने चुकीची यादी धरलेली असते. तो कचरा तसाच पुन्हा सेव्ह केला, तर मात्र मजकूर परत मिळवणं अवघड होतं.

अक्षरं जोडतं कोण?

साठवलेल्या सुट्या क्रमांकांमधून जोडलेला शब्द तयार करणाऱ्या सॉफ्टवेअरला ‘शेपिंग इंजिन’ म्हणतात. ते प्रत्येक अक्षराचे शेजारी पाहतं, ते जोडलं जाणारं आहे का हे तपासतं आणि फॉन्टमधून योग्य रूप निवडतं. लामनंतर अलिफ आला तर दोघांचं एक जोडरूप करावंच लागतं, तेही हेच इंजिन करतं.

आज सर्वाधिक वापरात असलेल्या अशा इंजिनांपैकी एकाचं नाव आहे ‘हार्फबझ’. अँड्रॉइड, क्रोम आणि फायरफॉक्समध्ये तेच काम करतं. इराणमध्ये जन्मलेल्या बेहदाद इस्फहबोद यांनी त्याला आजचं रूप दिलं. फारसीत ‘हर्फ’ म्हणजे अक्षर आणि ‘बाज’ म्हणजे खुला. ‘ओपनटाइप’ या फॉन्ट पद्धतीचं हे थेट फारसी भाषांतर आहे. तुमच्या अँड्रॉइड फोनवर मराठी जोडाक्षरं जुळवण्याचं कामही हेच इंजिन करतं.

असं इंजिन नसलेल्या किंवा बंद ठेवलेल्या सॉफ्टवेअरमध्ये अरबी मजकूर पेस्ट केला तर काय होतं? अक्षरं सुटी पडतात आणि डावीकडून उजवीकडे मांडली जातात. वाचणारा उजवीकडून वाचणार, म्हणजे त्याला ‘किताब’च्या जागी बा, अलिफ, ता, काफ अशी तुटक उलटी अक्षरं दिसणार. चित्रपटांची पोस्टर्स, स्वागताचे फलक, गेम आणि अंगावरचे टॅटूसुद्धा अशा चुकांनी भरलेले आहेत. करणाऱ्याला लिपी येत नसते, त्यामुळे चूक त्याच्या लक्षातच येत नाही. मराठीत ‘कि’ची वेलांटी सुटून ‘क’च्या उजवीकडे पडली आणि वर सगळा शब्द उलटा झाला, तर जसं दिसेल तसंच हे.

पूर्णविराम उडी का मारतो?

मराठी वाक्यात एखादा उर्दू शब्द टाकला की कधीकधी पूर्णविराम किंवा कंस भलतीकडे जातो. यामागे युनिकोडचा ‘दुतर्फा मजकुराचा’ नियम आहे.

या नियमात अक्षरांना स्वतःची दिशा असते. मराठी आणि इंग्रजी अक्षरं डावीकडून, तर अरबी अक्षरं उजवीकडून. आकड्यांचा नियम वेगळा आहे. अरबी मजकुरातही संख्या डावीकडून उजवीकडेच मांडली जाते. पूर्णविराम, स्वल्पविराम, कंस, स्पेस यांना स्वतःची दिशाच नसते. त्या आजूबाजूच्या अक्षरांकडे पाहून दिशा ठरवतात. दोन उर्दू शब्दांच्या मध्ये सापडलेला स्वल्पविराम उर्दूच्या बाजूने जातो. पोस्टची सुरुवातच उर्दू शब्दाने झाली, तर अनेक अ‍ॅप्स अख्खा परिच्छेद उजवीकडून सुरू करतात आणि शेवटचा पूर्णविराम डाव्या टोकाला जाऊन बसतो.

उपाय साधा आहे. वाक्याची सुरुवात मराठी शब्दाने करा आणि उर्दू शब्दानंतर लगेच विरामचिन्ह न देता एखादा मराठी शब्द येऊ द्या. सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांसाठी दिशा सांगणारी अदृश्य चिन्हंही युनिकोडमध्ये आहेत.

या अदृश्य चिन्हांचा गैरवापरही होतो. त्यातलं एक चिन्ह पुढचा सगळा मजकूर जबरदस्तीने उलटा दाखवतं. ते फाइलच्या नावात घुसवलं, तर धोकादायक प्रोग्रॅमची फाइल साध्या फोटोसारखी दिसू शकते. २०२१ मध्ये केंब्रिज विद्यापीठाच्या संशोधकांनी दाखवून दिलं की, अशाच चिन्हांनी प्रोग्रॅमचा कोडही माणसाला एक आणि संगणकाला दुसराच दिसेल असा लिहिता येतो. ‘ट्रोजन सोर्स’ या नावाने तो प्रकार ओळखला जातो.

दिसतात सारखी, असतात वेगळी

आता ‘करीम’कडे परत येऊ. हे नाव काफ, रे, ये, मीम अशा चार अक्षरांचं आहे.

अरबी कीबोर्डवरच्या काफचा क्रमांक ०६४३ आहे. उर्दू आणि फारसी कीबोर्डवरच्या काफचा ०६ए९. शब्दाच्या शेवटी या दोघांचे आकार वेगळे असतात, म्हणून युनिकोडने त्यांना वेगळे क्रमांक दिले. मात्र शब्दाच्या सुरुवातीला बहुतेक फॉन्टमध्ये दोघे एकसारखेच दिसतात. ‘ये’चंही तसंच. अरबी ‘ये’ ०६४ए, उर्दू-फारसी ‘ये’ ०६सीसी. शेवटी आल्यावर अरबीतल्या ‘ये’खाली दोन नुक्ते असतात, फारसीतल्या ‘ये’खाली नसतात. सुरुवातीला आणि मध्ये दोघांनाही नुक्ते असतात.

‘करीम’मध्ये काफ सुरुवातीला आहे. रे पुढे जोडत नाही, म्हणून ‘ये’ही सुरुवातीच्या रूपातच येते. म्हणजे दोन्ही अक्षरं नेमकी अशा जागी आहेत जिथे फरक दिसत नाही. एकच नाव चार वेगवेगळ्या प्रकारे साठवता येतं आणि डोळ्यांना चारही सारखीच!

यात भर म्हणजे जुन्या ‘विंडोज १२५६’ यादीत फारसी ‘ये’ नव्हतीच. त्यामुळे फारसीत लिहिणाऱ्यांनी अरबी ‘ये’ वापरून वर्षानुवर्षांच्या नोंदी केल्या. नंतर नवे कीबोर्ड आले आणि नव्या नोंदी नव्या क्रमांकांनी होऊ लागल्या. एकाच यादीत दोन्ही प्रकार मिसळले.

आकड्यांचीही तीच गत. अरबी आकड्यांची एक मालिका ०६६० पासून सुरू होते, तर फारसी-उर्दू आकड्यांची दुसरी ०६एफ० पासून. दोन्ही मालिकांतले १, २, ३ दिसायला एकच.

‘है’ या अक्षराचे उर्दूत दोन प्रकार आहेत, एक ‘ह’साठी आणि दुसरा ‘भ’, ‘घ’, ‘ध’ असे महाप्राण लिहिण्यासाठी. अरबीचा ‘हा’ तिसराच. तीन क्रमांक आणि टाइप करणाऱ्याला जवळचा वाटेल तो कीबोर्डवर दाबला जातो.

युनिकोडमध्ये ‘नॉर्मलायझेशन’ नावाची एक सोय आहे. एकच अक्षर दोन प्रकारे साठवलं गेलं असेल तर ती त्यांना एका रूपात आणते. उदाहरणार्थ, मद असलेला अलिफ एका क्रमांकानेही लिहिता येतो आणि अलिफ अधिक मद असा दोन क्रमांकांनीही. नॉर्मलायझेशननंतर दोन्ही एक होतात. पण दोन काफ किंवा दोन ‘ये’ एक होत नाहीत, कारण युनिकोडच्या दृष्टीने ती मुळातच वेगळी अक्षरं आहेत. ती जुळवायची जबाबदारी सॉफ्टवेअर बनवणाऱ्याची. त्याने ती घेतली नाही तर रुग्णाची जुनी नोंद, विद्यार्थ्याचा निकाल किंवा मतदाराचं नाव यादीत असूनही सापडत नाही. ज्याचं नाव आहे त्याला कारणही कळत नाही, कारण स्क्रीनवर सगळं बरोबरच दिसत असतं.

हा प्रश्न मराठीतही आहे

हे वाचून ‘बरं झालं, आपल्याकडे असं नाही’ असं वाटलं असेल, तर थांबा.

‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे दरीचं अनेकवचन. दुसऱ्या शब्दातला आडवा रफार मोबाईलमध्ये दोन प्रकारे साठवला जाऊ शकतो. एक म्हणजे नुक्त्याचा ‘ऱ’, हलन्त आणि ‘य’. दुसरा म्हणजे साधा ‘र’, हलन्त, एक अदृश्य ‘जोडचिन्ह’ आणि ‘य’. दिसायला दोन्ही सारखे. पण साध्या सर्चमध्ये एक टाइप करून दुसरा सापडेलच असं नाही. ‘दुसऱ्या’, ‘वाऱ्यावर’, ‘शेतकऱ्यांना’ अशा कितीतरी रोजच्या शब्दांना हे लागू आहे.

या अदृश्य जोडचिन्हाला एक जुळं भावंडही आहे, ‘न-जोडचिन्ह’. फारसीत ते रोज लागतं. क्रियापदाच्या आधी येणारा ‘मी’ हा प्रत्यय पुढच्या शब्दाला चिकटून राहिला पाहिजे, पण जोडला जाता कामा नये. फारसीत त्याला ‘नीम फासले’, म्हणजे अर्धी जागा म्हणतात. इराणच्या प्रमाण कीबोर्डवर ते शिफ्ट आणि स्पेस एकत्र दाबून येतं. अनेक जण त्याऐवजी साधी स्पेस देतात किंवा काहीच देत नाहीत, आणि मग एकाच शब्दाची तीन रूपं तयार होतात.

गंमत म्हणजे अशा लिपींसाठी ठेवलेलं जोडचिन्ह आज सर्वात जास्त दिसतं ते इमोजींमध्ये. आई, वडील आणि मुलं असलेला कुटुंबाचा इमोजी हा खरं तर सुटे इमोजी या अदृश्य चिन्हाने जोडून तयार होतो.

नस्तालिक: सर्वात अवघड पेपर

उर्दू वाचकाला नस्तालिक शैलीची सवय असते. त्यात शब्द वरून खाली तिरका उतरत येतो आणि प्रत्येक अक्षराची जागा शेजाऱ्यांवर अवलंबून असते. टाइपरायटर आणि खिळे जुळवण्याच्या छपाईला हे कधी नीट जमलं नाही. त्यामुळे उर्दू दैनिकं कित्येक दशकं कातिब हाताने लिहीत आणि त्यावरून छपाई होई. १९२७ मध्ये सुरू झालेलं चेन्नईचं ‘द मुसलमान’ याच पद्धतीमुळे जगभर ओळखलं गेलं.

१९८१ मध्ये पाकिस्तानात मिर्झा अहमद जमील यांच्या हस्ताक्षरावरून ‘नूरी नस्तालिक’ तयार झाला. त्यासाठी सुमारे २०,००० जोडरूपं एकेक करून लिहिली गेली. १९९४ मध्ये दिल्लीच्या एका कंपनीने ‘इनपेज’ हे सॉफ्टवेअर आणलं आणि उर्दू प्रकाशनाचं चित्रच बदललं. पण इनपेजच्या जुन्या फाइली युनिकोडमध्ये नव्हत्या. वेबसाइटवर टाकताना पानं चित्र म्हणूनच टाकावी लागत. चित्रातला मजकूर ना सर्चमध्ये सापडतो, ना कॉपी करता येतो, ना अंध वाचकाला फोन वाचून दाखवू शकतो. कित्येक वर्षांचं उर्दू लेखन इंटरनेटवर असूनही त्यामुळे जणू नसल्यासारखंच राहिलं.

नुक्ते काढलेल्या पोस्ट

२०२१ च्या मे महिन्यात पॅलेस्टाइनबद्दल अरबीत लिहिणाऱ्या अनेकांचा समज झाला की, ठरावीक शब्द पाहून त्यांच्या पोस्ट आपोआप काढल्या जात आहेत. त्यांनी एक जुनी युक्ती वापरली. अक्षरांचे नुक्तेच काढून टाकले.

सुरुवातीच्या काळातलं अरबी लेखन जवळजवळ नुक्त्यांशिवायच होत असे. सवयीचा वाचक संदर्भावरून शब्द ओळखतो. युनिकोडमध्ये बिननुक्त्याच्या ‘बा’, ‘फा’ आणि ‘क़ाफ’सारखी अक्षरं स्वतंत्र क्रमांकांनी आहेतच. मजकूर त्या अक्षरांत बदलून देणारी साधनंही लगेच पसरली. माणसाला पोस्ट वाचता येत होती, पण शब्दांची यादी घेऊन बसलेल्या यंत्राला ते शब्द अनोळखी होते.

म्हणजे ‘करीम’च्या बाबतीत जी गोष्ट त्रासाची ठरली, तीच इथे ढाल म्हणून वापरली गेली. मात्र याची दुसरी बाजूही आहे. अशी पोस्ट पुढे कुणाला शोधायची झाली तर तीही सापडत नाही, आणि हीच युक्ती खोटी माहिती पसरवणाराही वापरू शकतो.

एका मेसेजने फोन बंद!

मे २०१५ मध्ये आयफोन वापरणाऱ्यांत एक मेसेज फिरत होता. तो आला की फोन बंद होऊन पुन्हा सुरू व्हायचा. त्यात इंग्रजी, अरबी आणि चिनी अक्षरांसोबत आपल्या देवनागरीतलं ‘ॡ’ या स्वराचं चिन्हही होतं. नोटिफिकेशनमध्ये जागा कमी असते, म्हणून फोन मजकूर मध्येच तोडून दाखवतो. अरबी मजकुरात मात्र कुठेही तोडून चालत नाही, कारण तोडलं की शेजारी बदलतात आणि रूपंही बदलतात. त्या विशिष्ट मांडणीत तोडण्याचा हिशोब चुकायचा आणि फोन कोलमडायचा. नंतरच्या अपडेटमध्ये ही चूक दुरुस्त झाली.

तुम्ही काय करू शकता?

– ज्या भाषेत लिहायचं तिचाच कीबोर्ड निवडा. उर्दूसाठी उर्दू, अरबीसाठी अरबी. आकारात फरक दिसत नसला तरी क्रमांक वेगळे असतात.

– उर्दू किंवा अरबी नाव सर्चमध्ये सापडलं नाही, तर दुसऱ्या कीबोर्डवरून टाइप करून पाहा. मग नावाचा एखादाच भाग टाकून पाहा.

– बॅनर किंवा लग्नपत्रिकेत अरबी-उर्दू मजकूर असेल, तर छपाईआधी लिपी वाचणाऱ्या माणसाला दाखवा. अक्षरं सुटी दिसली तर मजकूर तुटलेला आहे, एवढं तुम्हीही ओळखू शकता.

– महत्त्वाचा मजकूर फक्त फोटोच्या रूपात टाकू नका. सोबत तोच मजकूर टाइपही करा.

– अनोळखी व्यक्तीकडून आलेल्या फाइलचं फक्त नाव पाहून ती उघडू नका.

– अ‍ॅप किंवा नोंदवही बनवत असाल, तर नाव साठवताना मूळ मजकूर तसाच ठेवा, पण शोधण्यासाठी काफ, ये, है आणि आकडे एका रूपात आणलेली दुसरी प्रत ठेवा. मराठीतल्या आडव्या रफारासाठीही तेच करा.

‘करीम’ची नोंद संगणकात पहिल्या दिवसापासून होती. ती मिळाली नाही, कारण दोन काफ आणि दोन ‘ये’ एकाच नावात येऊ शकतात, हे सॉफ्टवेअर लिहिणाऱ्याला कुणी सांगितलं नव्हतं. पुढच्या वेळी एखादं नाव ‘सापडत नाही’ असं उत्तर आलं, तर नोंदच नाही असं धरून चालू नका. एकदा कीबोर्ड बदलून बघा.